ओट्यावरचा फोन

माझा डावा कान सिन्नरच्या कारखान्यात राहिला. म्हणजे जागच्या जागी आहे, चष्म्याची काडी अडकवायला उपयोगी पडतो, पण ऐकण्याचं काम त्याने प्रेस शॉपमध्येच सोडून दिलं. पत्रा दाबणाऱ्या त्या मोठ्या मशिनींपाशी मी जवळजवळ सगळी नोकरी काढली. कानात घालायला रबरी बोळे मिळायचे, ते आम्ही खिशात घालायचो. मशिनचा आवाज जरा बदलला की आत काहीतरी बिनसलंय हे सगळ्यात आधी कानालाच कळायचं. कान बंद करून मशिनवर उभा राहणारा म्हणजे डोळे मिटून गाडी हाकणारा, असं आमचं म्हणणं. म्हणणं बरोबरच होतं, फक्त त्याची किंमत माझ्या डाव्या कानाने दिली, आणि थोडीफार उजव्यानेही.

रिटायर झाल्यावर डॉक्टरने कानाचं यंत्र लावायला सांगितलं. मी ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. चष्मा लावलेल्या माणसाशी लोक नीट बोलतात. कानाला यंत्र लावलेल्या माणसाशी मात्र ओरडून आणि सावकाश बोलतात, जणू कानाबरोबर त्याची अक्कलही गेली. ते मला नको होतं.

आणि घरात तशी अडचणही नव्हती, कारण घरात बायको होती. बेल वाजली, दूध उतू चाललं, कुणी खालून हाक मारली, सगळं ती ऐकायची आणि मला सांगायची. माझ्या वाटचं ऐकणं तिच्याकडे होतं. मग लेकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही आमच्याकडची रीत. पण लेक बंगळूरला, तिची डॉक्टर तिकडची, एवढा प्रवास नको म्हणाली. मग लेक माहेरी येण्याऐवजी माहेरच उठून लेकीकडे गेलं. डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतशोपा आणि जुन्या मऊ साड्यांच्या दुपट्यांचं गाठोडं घेऊन बायको निघाली. "सव्वा महिना झाला की येतेच," म्हणाली.

सव्वा महिना कधीच झाला. मग लेकीची रजा संपली, मग सांभाळायला लावलेली बाई टिकेना, मग नातीला आजीशिवाय झोप येईना. यातलं एकही कारण खोटं नव्हतं, म्हणून तर मला भांडताही येईना. नात आता दुडुदुडु चालते आणि मी इथे नाशिकला, इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये एकटा भाकरी थापतो.

मीही गेलो होतो तिकडे राहायला. दोन खोल्यांचं घर, मला हॉलमधला सोफा. जावई चांगला आहे, उगीच नावं ठेवणार नाही. पण तो आणि लेक दोघंही घरूनच काम करायचे, दिवसभर मीटिंगा. "आई, हळू बोल ना, मीटिंग चालू आहे," हे वाक्य मी तिथे ओठांवरून वाचायला शिकलो. बायको मळ्यातली. तिचं माहेर सिन्नरच्या बाजूला, भाजीपाला पिकवणारं. या बांधावरून त्या बांधाला हाक मारण्यात तिचं लहानपण गेलेलं. लग्न झालं तेव्हा तिने मला जेवायला हाक मारली की माझी आई दचकायची. त्या बाईला मी तिथे कुजबुजताना पाहिलं, आणि कुजबुज काही मला ऐकू येत नाही. एका घरात राहून आमचं बोलणं बंद झालं. मी परत आलो आणि सगळ्यांना सांगितलं, तिकडची हवा मानवली नाही. नाशिकच्या माणसाला दुसरी कुठली हवा मानवणार, म्हणून लोकांनीही माना डोलावल्या.

तेव्हापासून संध्याकाळचा फोन सुरू झाला. मी स्वयंपाकाला लागायचो आणि फोन ओट्यावर, मिठाच्या बरणीला टेकवून, स्पीकरवर ठेवायचो. व्हिडिओ नको म्हणायची. "तुमचं तोंड काय बघायचं? मला कढई ऐकू द्या." बायको स्वयंपाक कानाने करते. लहानपणी विहिरीवरची मोटार पाणी ओढतेय की नुसती हवा, हे तिला घरात बसून कळायचं म्हणे. तोच कान तिने आमच्या ओट्याला लावला. "अहो, मोहरी तडतडली नाही अजून, जिरं टाकू नका." "थापताना ओला आवाज येतोय, खाली पीठ लावा." "नळ टपकतोय, घट्ट बंद करा." बंगळूरला बसून नाशिकचा नळ बंद करणारी बाई! मला राग यायचा. पण तिचं निम्मं बोलणं मला ऐकूच येत नव्हतं, म्हणून रागही निम्माच यायचा.

तिची आणखी एक खोड होती. "ठेवते," म्हणायची आणि फोन ठेवायची. म्हणजे खरोखरच ठेवायची, कुठेतरी टेबलावर, आणि लाल बटण दाबायची नाही. पूर्वी रिसीव्हर ठेवला की फोन बंद व्हायचा, ती सवय. आमच्या वयाच्या निम्म्या लोकांची हीच तऱ्हा आहे. जेवण झाल्यावर मी फोन उचलावा तर कॉल आपला चालूच. "अगं, बटण दाबत जा की," मी दुसऱ्या दिवशी खेकसायचो. "राहिलं," म्हणायची. रोज राहायचं.

शेवटी लेकीने हेडफोन पाठवले. "बाबा, हे वापरा. आई एक सांगते, तुम्ही भलतंच उत्तर देता, मग ती ओरडते आणि बाळ उठतं." खोक्यातून निघाला तो घडीचा पट्टा, दोन टोकांना दोन मऊ गाद्या. वायर नाही. कानात घुसणारे नव्हेत, कानावर बसणारे. डोक्यावर चढवले तर एक बाई इंग्रजीत काहीतरी बोलली आणि मी घाबरून काढून टाकले. पुन्हा घातले तर पुन्हा बोलली. फोनशी जोडणी झाली एवढंच सांगत होती बिचारी. नंतर नंतर मला तिचं बोलणं आवडायला लागलं. सकाळी उठल्यावर माझ्याशी बोलणारं दुसरं कोण होतं?

लेकीने मला फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन एक पट्टी उजवीकडे सरकवायला लावली, म्हणजे डाव्या कानाच्या वाटचा आवाजही उजव्या कानात आला. आणि मग मी पहिलं गाणं लावलं. कोणतं ते सांगत नाही, आमच्या लग्नाच्या आसपास सगळीकडे वाजायचं त्यातलं एक. इतकी वर्षं मला त्या गाण्यात फक्त गाणारी बाई आणि ढोलक माहीत होतं. त्या दिवशी कळलं की मागे बासरी आहे. ती पहिल्यापासून होती. कडव्याच्या आधी गाणारीने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. मला एकदम रडू फुटलं. "अगं, ऐक ना," असं म्हणत मी स्वयंपाकघराकडे वळलो. तिथे कोण असणार? आणि असती तरी तिला काय ऐकू आलं असतं? रेडिओ लावला की घरभर वाजतो, हे यंत्र एकट्या माणसासाठीच बनवलंय. मी खुर्चीवर बसलो आणि तेच गाणं पुन्हा लावलं.

वाईट बोलणार नाही, पहिले काही दिवस मजेत गेले. थंडी पडली होती, तर कानही गरम राहायचे. तासभर झाला की चष्म्याच्या काड्या गाद्यांखाली दाबल्या जाऊन कानामागे ठणकायचं, मग चष्मा काढून ठेवायचो आणि आंधळ्यासारखा गाणी ऐकत बसायचो. सकाळी जॉगिंग ट्रॅकवरही घालून जायला लागलो. तिथे आमच्यासारख्या रिटायर लोकांचा एक कट्टा आहे. पहिल्या दिवशी जोरदार स्वागत झालं. "काय हिरो! कॉलेजात नाव घातलं की काय?" मी मान हलवली आणि पुढे गेलो, गाणं चालू होतं ना. दुसऱ्या दिवशी त्यांनी नुसते हात वर केले. मग हळूहळू कुणी हातही करेना. कानावर काहीतरी घातलेल्या माणसाला बोलायचं नसतं, असा सगळ्यांचा समज. कानाचं यंत्र लावलं असतं तर निदान ओरडून तरी बोलले असते.

भाजीवालीचंही तसंच. खाली गाडी लावून ती हाक मारायची, मी वरून पिशवी सोडायचो. एक दिवस समोरासमोर गाठ पडली तर म्हणाली, "बाबा, तुम्ही हायेत व्हय इथंच? मला वाटलं गेले लेकीकडं. लय हाका मारल्या, कोणी बोलंच ना." मी म्हटलं, गाणी ऐकत होतो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मेथीची जुडी घेऊन मी मुकाट्याने जिना चढलो.

पण या सगळ्याची भरपाई संध्याकाळी व्हायची. हेडफोन घातल्यापासून बायको मला ऐकू यायला लागली. नुसती ऐकू नाही, पूर्ण. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "सर्दी झालीय का तुला?" ती म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं?" बोलताना ती नातीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घ्यायची तेही कळायचं, कारण तेवढ्यात तिचा श्वास बदलायचा. ती थकली होती. तिने कधी सांगितलं नसतं, आणि सांगितलं असतं तरी आधी मला ऐकू आलं नसतं. मी जास्त बोलायला लागलो. बोलता बोलता दोन्ही हात मोकळे, भाकरी थापतोय, भाजी परततोय, आणि बायको माझ्या कानाशी. लग्नाच्या इतक्या वर्षांत आम्ही इतकं बोललो नव्हतो.

बोलत होतो मात्र मीच. ती हळूहळू कमी होत गेली, आणि आनंदाच्या भरात ते माझ्या लक्षात आलं नाही. विचित्र प्रश्न विचारायची. "बाहेर आहात का?" "घरीच आहे." "कुकर नाही लावला?" "लावलाय की, हा काय समोर." "नळाला पाणी नाही का आज?" "आहे." "शेजारची पेटी बंद झाली का? वाजवत नाही का आता ती मुलगी?" शेजारची मुलगी रोज संध्याकाळी पेटीचा रियाज करते, भिंतीतून सगळं ऐकू येतं. म्हणजे मला नाही, बायकोला यायचं. "मला काय विचारतेस? मी बहिरा," म्हणालो. मोहरीबद्दल, पिठाबद्दल, नळाबद्दल सूचना देणं तिने थांबवलं. मला वाटलं, वा, आपल्याला स्वयंपाक जमायला लागला.

आता घराचं सांगतो, कारण जीव त्यातच अडकला होता. जावयाच्या मनात बरेच दिवस होतं की आमचा फ्लॅट भाड्याने द्यावा आणि मीही तिकडेच येऊन राहावं, त्यांनी मोठं घर घ्यावं. त्याच्या ओळखीतलं एक नवं जोडपं होतं, नवरा सिन्नरला कारखान्यात लागलेला, बायको इथेच कुठेतरी शिकवणारी. चांगली माणसं. बोलणं वाजवीच होतं. पण ते घर गेलं की माझ्याकडे त्या हॉलमधला सोफा राहणार आणि मीटिंगा राहणार. पण मी नाही म्हणत नव्हतो, कारण माझं नाही म्हणजे म्हाताऱ्याचा हट्ट. मी म्हणायचो, "तिला विचारा." आणि ती प्रत्येक वेळी म्हणायची, "बघू." बायको 'बघू' म्हणते तेव्हा त्याचा अर्थ 'नाही' असतो, एवढं मला संसारात कळलंय. त्या 'बघू'वर मी तग धरून होतो. ती 'बघू' म्हणतेय तोवर ती परत येणार, असा माझा हिशेब.

एक दिवस फोनवर मी सहज म्हटलं, "जावई पुन्हा विचारत होता." आणि ती म्हणाली, "देऊन टाका."

"काय?"

"देऊन टाका भाड्याने. रविवारी येऊ दे त्यांना बघायला."

हेडफोनमुळे ऐकण्यात चूक झाली असं म्हणायचीही सोय नव्हती. शब्द न् शब्द स्वच्छ आला होता. मला वाटलं, झालं. सर्दी ऐकू आली, थकवा ऐकू आला, पण ही बाई मनाने कधीच तिकडची झाली हे काही ऐकू आलं नाही. त्या रात्री मी जेवलो नाही. रिकामं घर खायला उठतं म्हणतात. माझं घर खायला नव्हतं उठलं, ते निघून जायच्या बेतात होतं.

दुसऱ्या दिवशीही फोन आलाच. मी तुटक बोललो. ती त्याहून तुटक. कुकर लावलेला होता, मी परातीत बाजरीचं पीठ मळत होतो, हेडफोन कानावर, फोन बरणीपाशी. "बरं, ठेवते," ती म्हणाली. मी "हं" केलं. हात पिठात बरबटलेले, बटण दाबणार कसा? म्हटलं, दाबेल ती. दाबलं नाही.

पूर्वी फोन ओट्यावर असताना तिने 'ठेवते' म्हटलं की माझ्या दृष्टीने तिकडे शांतता व्हायची, आणि हेडफोन आल्यावर मी ते लगेच काढून ठेवायचो, म्हणून शांतताच व्हायची. या वेळी झाली नाही. तिकडचा पंखा ऐकू येत होता. तिचा श्वास ऐकू येत होता, अगदी जवळ. म्हणजे फोन टेबलावर नव्हता, तिच्या कानाला होता. मी पीठ मळायचा थांबलो. तेवढ्यात लेकीचा आवाज आला, जरा लांबून.

"आई, फोन चालू आहे का तुझा?"

"असू दे."

"कोण आहे लाइनवर?"

"कोणी नाय. घर ऐकत होते जरा."

"घर?"

"रोजच ऐकते." बायको आपल्या माणसांशी मनातलं बोलायला लागली की माहेरचं बोलते. "ठेवते म्हणायचं न चालू ठेवायचा. त्यांना वाटतं, मला बटण कळत नाय." हसली. मग म्हणाली, "पहिलं सगळं यायचं. कुकर, नळ, ते मागचं दार कुरकुरायचं, शेजारची पेटी. हे ताट वाढून घ्यायचे, तांब्या आपटायचे. मला वाटायचं, मी तिथंच हे, आतल्या खोलीत बसलेय. आता काहीच येत नाय बघ. ते बोलून गप झाले की मागं सगळं सुनं. कुकर लावला म्हणतात, शिट्टी येत नाय. बाहेरून आणून खात असतील न मला खोटं सांगत असतील. त्या घरात कोणी राहतं असं वाटतच नाय. मग ठेवायचं कशाला? दिलेलं बरं."

लेक काहीतरी बोलली. मला पुढचं कळलं नाही, कारण माझ्यासमोर कुकरने शिट्टी दिली. मला ती दिसली, वाफेचा फवारा वर गेला. आणि तिकडे बायकोचा श्वास होता तसाच चालू राहिला. तिला ती शिट्टी पोचली नव्हती.

मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. हेडफोन आले त्या दिवशी लेक कौतुकाने म्हणाली होती, "बाबा, यातला माइक फक्त तुमचा आवाज घेतो. मागचा गोंगाट सगळा गाळून टाकतो." तेव्हा मी म्हटलं होतं, वा. गोंगाट म्हणजे आमचं घर, हे मला कसं कळावं?

मी पिठाच्याच बोटाने फोनवरचं स्पीकरचं बटण दाबलं आणि डोक्यावरचा पट्टा काढून बाजूला ठेवला. माझ्या बाजूने सगळं एकदम मिटलं. पंखा गेला, तिचा श्वास गेला. ती अजून तिथे आहे की नाही हेही कळेना. मी नळ सोडला आणि हात धुतले, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मागचं दार उघडलं आणि लावलं. तेवढ्याने समाधान होईना म्हणून पुन्हा उघडून लावलं. खिडकी उघडली, पेटीचा रियाज चालू असेल तर आत येऊ दे म्हणून. परातीवर भाकरी थापली, हात दुखेस्तोवर. मग देवापुढे गेलो. दिवेलागणीला घंटा वाजवायचं काम तिचं होतं, ती गेल्यापासून मी नुसता दिवा लावत होतो. त्या दिवशी वाजवली. कुणी पाहिलं असतं तर म्हातारा बिघडला म्हणाला असता. साठी उलटल्यावर असं एकट्याने घरभर आवाज करत फिरताना मला लाज वाटत होती आणि रडूही येत होतं.

ओट्यापाशी परत आलो तेव्हा फोनमधून काहीतरी आवाज आला. शब्द होते की नुसता हुंकार, कळलं नाही. उजवा कान अगदी फोनला लावला, तरी नाही. हेडफोन हाताच्या अंतरावर पडले होते. घातले असते तर ती काय म्हणतेय ते श्वासासकट ऐकू आलं असतं, पण मग तिच्या कानातलं घर पुन्हा बंद झालं असतं. एका वेळी एकालाच ऐकता येणार होतं. इतके दिवस मी ऐकलं होतं. मी हेडफोन तसेच राहू दिले आणि दुसरी भाकरी थापायला घेतली. ती तव्यावर टाकून फोनकडे पाहिलं तेव्हा कॉल बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीचा फोन आला. मी तो उजव्या कानाला धरला.

"बाबा, आई म्हणते, त्या लोकांना रविवारी येऊ नका म्हणून कळवा."

"बरं," मी म्हणालो. माझ्या आवाजात काही येऊ नये म्हणून एवढंच म्हणालो.

"काय झालं तुमचं दोघांचं? काल इथे फोन कानाला लावून बसली होती, कुणाशी बोलेना, उठेना."

"काही नाही. आणखी काही म्हणाली का?"

"हो. कुकरची रिंग बदला म्हणाली. शिट्टी दमदार येत नाही, बाजूने वाफ जातेय."

मी हसलो. मग जे विचारायचं होतं ते विचारलं. "आणि ती कधी येणार?"

"ते नाही बोलली, बाबा."

दुपारी मी कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात गेलो आणि जुनी रिंग दाखवून नवी घेतली. जुनी खरंच एका बाजूने चिरलेली होती. जाताना मी हेडफोन घातले नव्हते. रस्त्यात कट्ट्यावरचे एक गृहस्थ भेटले, त्यांनी काहीतरी विचारलं, मी काहीतरी उत्तर दिलं, आणि दोघांचंही भागलं. आता हेडफोन दाराच्या खुंटीला, कानटोपीशेजारी अडकवलेले असतात. दुपारी एखादं गाणं ऐकतो. ती बासरी अजून आहे. पण संध्याकाळी नाही. त्यामुळे बायकोला सर्दी झाली की नाही, थकली की नाही, हे मला पुन्हा कळेनासं झालंय, आणि त्याचं वाईट वाटतं. रोज वाटतं.

त्या संध्याकाळी नवी रिंग बसवून कुकर लावला. फोन बरणीला टेकवून ठेवला, स्पीकरवर. तिकडून काही येत होतं की नाही, मला माहीत नाही. मी आपला कांदा चिरत होतो. पहिली शिट्टी झाली, चांगली खणखणीत झाली असणार, कारण वाफ सरळ वर गेली. आणि तेवढ्यात फोनमधून आवाज आला. या बांधावरून त्या बांधावर पोचावा असा, पूर्वी माझ्या आईला दचकवणारा.

"आता बरोबर वाजतोय!"

तिकडे कुणाची मीटिंग चालू होती की नाही, देव जाणे. मला ऐकू आलं. "हो!" मीही ओरडलो. मग मी उरलेला कांदा चिरला. भाकऱ्या झाल्यावर मी माझं एकट्याचं ताट वाढून घेतलं, फोन ओट्यावर चालूच ठेवला, आणि पाणी पिऊन झाल्यावर तांब्या मुद्दाम जरा आपटून खाली ठेवला.